बापाचं अंगुस्तान

शिंपीणबाईंचा बाप मरून कितीतरी वर्षं झाली, पण माणूस काही घरातून जायला तयार नव्हता. जिवंतपणी बोलायचा कमी, हात मात्र लगेच उठायचा. संतापला की आधी बोटातलं अंगुस्तान काढायचा. सुई टोचू नये म्हणून घालतात ना, ती धातूची टोपी. ती मशीनच्या फळीवर ठेवायचा. टक्! मग घरात चिडीचूप. मग पाठीत धपाटा. बाईंना पुढेपुढे धपाट्याचं काही वाटेनासं झालं. त्या टक् आवाजाची मात्र धडकी भरायची.

लेक झाली तेव्हा त्यांनी स्वतःला बजावलं, काय वाट्टेल ते होवो, पोरीवर हात उगारायचा नाही. आणि खरंच, कधी बोटही लावलं नाही हो! शेजारणीला ठसक्यात सांगायच्या, "बाप माझ्यात नाही उतरला, बाई." धंदा तेवढा त्याचा उचलला, आणि अंगुस्तानही त्याचंच. वस्तूनं काय घोडं मारलंय?

एका दुपारी बाई काजं करत बसल्या होत्या. चार वर्षांची पिटुकली मशीनपाशी चिंध्यांच्या बाहुलीशी खेळत होती. बाहुलीनं म्हणे दूध सांडलं होतं. पोरीनं बोटावर चढवलेलं औषधाच्या बाटलीचं झाकण काढलं आणि फरशीवर ठेवलं. टक्! मग गप्प बसून बाहुलीकडे बघत राहिली. मान तिरकी, जबडा आवळलेला. अगं बाई, हुबेहूब तो!

बाईंची सुई काजातच थांबली. पोरीनं आजोबाला फोटोतसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"तूच तर करतेस," पोर म्हणाली. "मी दूध सांडलं की."

 मारलं नाही म्हणजे आपण सुटलो, असं बाई इतके दिवस समजत होत्या. आणि बाप त्यांच्याच हातानं रोज अंगुस्तान काढून ठेवत होता.

"ये गं माझ्या बाळा, इकडे ये," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. पोरीला उचलून घ्यायचं, तिला टोचायला नको, म्हणून त्यांनी घाईघाईनं बोटातलं अंगुस्तान काढलं आणि फळीवर ठेवलं.

टक्.

पिटुकली जागच्या जागी उभी राहिली. तिनं बाहुली पोटाशी धरली आणि डोळे गच्च मिटून घेतले.