इशीसानने उतरवलेली पाटी

इशीसानला मी एकतीस वर्षं पाहत होतो. ओळखत होतो असं म्हणायची सोय नाही. ती आमच्या जपानी डोंगरातल्या झेन मठाचं स्वयंपाकघर सांभाळायची, मी मठाच्या लाकडी पाट्या लिहायचो. ती मूळची कुठली, नवरा कशाने गेला, हे मी कधी विचारलं नाही. तिचा राग मात्र एकदा जवळून पाहिला. तेवढंच मला लिहिता येईल, तेही नीट जमेल असं नाही.

डिसेंबरात आमच्याकडे आठ दिवसांची ध्यानाची बैठक असते. एकेकजण रोशींच्या, म्हणजे मुख्य गुरूंच्या, खोलीत जाऊन त्यांच्या प्रश्नाला उत्तर देतो आणि त्यांनी घंटी वाजवली की नमस्कार करून बाहेर येतो. आपलं मूळ स्वरूप क्षणभर दिसणं म्हणजे केन्शो. पुढे लख्ख उजाडलं की सातोरी. ते अक्षर चीनमधून आलं. तिकडे त्याला 'वू' म्हणतात. ही अक्षरं मी जन्मभर गिरवली, त्यांच्या आतलं मला काही कळत नाही. जुने रोशी याबद्दल चकार शब्द काढू देत नसत. नवे आले आणि केन्शो झालेल्यांच्या नावांच्या पाट्या ओसरीत टांगू लागले. शहरातली माणसं आठवडाभर बसून पाटी मिळवायची आणि तिच्याखाली फोटो काढून निघून जायची.

इशीसानला जुन्या रोशींनी एकच प्रश्न दिला होता : हे हात कोण हलवतं? मुळे चिरताना, तांदूळ धुताना तिच्या चेहऱ्यावर तो प्रश्न दिसायचा.

बैठकीच्या सहाव्या दिवशी नव्या रोशींनी तिला बोलावून तोच प्रश्न विचारला. ती उठली आणि घंटी वाजायच्या आत, नमस्कारही न करता, तरातरा निघून गेली. रोशींनी मांडीवर थाप मारली. "हेच उत्तर!" मला निरोप आला, मी पाटी लिहून टांगली.

दुसऱ्या दिवशी ती पाटी काखेत मारून इशीसान माझ्या दारात उभी.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"रोशींनी सांगितलं..."

"भात करपत होता, हिगाशीदेसान! वास आला म्हणून उठले. त्यात कसलं आलंय केन्शो?"

"ते म्हणतात, तुम्हालाही न कळता..."

"मला न कळता? एकतीस वर्षं त्या प्रश्नाला कवटाळून बसलेय मी. अजून हाताला काही लागलेलं नाही. अजून हवंय मला ते! आणि हा माणूस करपल्या भातावर पाटी लावून म्हणतो, झालं, आता शोधू नकोस." तिने पाटी माझ्यापुढे आपटली. "रंधा मारा. नाव काढा."

"रोशींना विचारून बघतो."

"विचारा. कुंचल्याला नुसते केसच असतात, कणा नसतो. धन्यालाही नसावा."

मी विचारलं नाही. तिने ती पाटी मुळ्यांचं लोणचं मुरत घातलेल्या पिंपात पालथी घातली आणि वर दाबाचा दगड ठेवला.

बैठक संपल्यावर रोशींनी सगळ्यांसमोर सुनावलं, "पाटी परत टांग, नाहीतर स्वयंपाकघर सोड. केन्शो नाकारणं म्हणजे गुरूला खोटं ठरवणं."

"मग ठरवलं," ती म्हणाली.

मी तिथेच होतो. सहाव्या दिवशी भात करपल्याचा वास मलाही आला होता, ओसरीपर्यंत. एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी गुडघ्यांकडे बघत बसलो. रोशींचा मला अजून संताप येतो. माझा त्याहून जास्त.

ती बंदरावर बहिणीकडे गेली आणि दुसऱ्या वसंतात तिथेच वारली. मठ सोडला त्या सकाळी तिचं गाठोडं घेऊन मी बसथांब्यापर्यंत गेलो होतो. माफी मागायची म्हणून. बस वळणावर दिसली तेव्हा तीच बोलली.

"मुळ्यांवरचा दगड इतक्यात काढू नका."

"कधी काढू?"

"फेब्रुवारीत. आणि दगड परत ठेवताना हळू, बोटं चेमटतात."

"बरं."