चिकटवणाऱ्या बाईंचे खांदे

चिकटवणाऱ्या बाई गेल्याचं मला फोनवर कळलं. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून कागद घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आलं की त्या मला फारशा माहीतच नव्हत्या. इतकी वर्षं एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर जाणं-येणं झालं, पण त्यांना चहा गोड लागायचा की फिका, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. जे लिहितो आहे ते त्यांनीच कठड्याला टेकून अधूनमधून सांगितलेलं आहे. मधल्या जागा मी भरल्या आहेत. त्या चुकल्या असतील तर दोष माझा.

बाई निसर्गोपचाराच्या एका कॉलेजात नोकरी-मार्गदर्शन कक्ष सांभाळत. कक्ष म्हणजे कॉलेजच्या जिन्याखालची खोली. तिथे टेबल, फोन, दोन खुर्च्या, आणि पोटावर लावायच्या पट्ट्यांसाठी आणलेल्या मातीची पोती, कारण ती ठेवायला कॉलेजात दुसरी जागा नव्हती. बाई स्वतः त्याच कॉलेजात शिकलेल्या. पण त्यांच्या वेळी नोकरीचं विचारणारं कुणी नव्हतं, आणि शिक्षण संपल्यावर त्यांनी बरीच वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवण्यात काढली. त्यामुळे पोरांना कुठेतरी चिकटवून द्यायचंच, हे त्यांनी अंगावर घेतलं होतं. पोरांनी नाव पाडलं चिकटवणाऱ्या बाई. त्यांना ते ठाऊक होतं. "डिंकबाई म्हणाली नाहीत हे नशीब," असं हसून म्हणायच्या.

त्यांची एक पद्धत होती. उपचार केंद्रांचे मालक मुलाखतीत गुणपत्रिका बाजूला सारतात, पाठ फिरवून बसतात आणि म्हणतात, जरा खांदे दाबून दाखव. हे बाईंच्या लवकरच लक्षात आलं. मग त्यांनी ठरवलं की पोर बाहेर पाठवण्याआधी त्याचे हात आपल्या खांद्यांवर तपासायचे. शेवटच्या वर्षाची पोरं रांगेनं यायची. बाई खुर्चीत पाठमोऱ्या बसून सूचना द्यायच्या. "हात गार आहेत, चोळून घे आधी." "नखं काप." "अरे, पीठ मळतोयस का? माणूस आहे खाली." ज्याला त्या "जा आता" म्हणाल्या, त्याला नोकरी लागलीच म्हणून समजा. कॉलेजची नोकरी लागलेल्यांची यादी दरवर्षी भरू लागली, संचालक खूश झाले आणि बाईंची मान ताठ झाली.

त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी याच कॉलेजात आली, तीही बाईंच्या शब्दावर. बहिणीला तिला दुसरीकडे घालायचं होतं. "ताई, मी बसलेय ना तिथे," असं बाई म्हणाल्या आणि विषय मिटला. भाचीचे हात फार चांगले होते. बाई सांगायच्या, तिनं खांद्यावर हात ठेवला की मला झोपच यायची, मावशी म्हणून नाही सांगत, खरंच. एका मोठ्या हॉटेलातल्या आरोग्य केंद्रात ती पहिल्या फटक्यात लागली.

काही महिन्यांनी त्या हॉटेलातून मॅनेजरचा फोन आला. "तुम्ही पाठवलेली मुलगी पाहुण्यांना नाही म्हणते. येऊन समजावता का?"

बाई लगोलग गेल्या. आतल्या बाजूला टॉवेलांची चळत लावलेल्या खोलीत मॅनेजर बसला होता आणि भाची फिक्या हिरव्या गणवेशात हात पुढे बांधून उभी होती. बाईंना बघताच तिचा चेहरा खुलला. आता आपलं माणूस आलं, असं तिला वाटलं असणार.

"मावशी, तूच ऐक. लांबच्या प्रवासातून आलेला माणूस. त्याची एकच पोटरी सुजली होती, हात लावला तर गरम. मी म्हटलं, यावर मालिश नको, आधी डॉक्टरांना दाखवा. एवढंच म्हटलं."

बाईंना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. पोटरीत रक्ताची गाठ असू शकते, अशा पायाला चोळायचं नसतं, हे त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. बाईंनाही शिकवलं होतं.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "पाहुणे रागावून निघून गेले. हिला डॉक्टरकी करायला नाही ठेवलेलं. हातांसाठी ठेवलंय. तुम्हीच म्हणाला होतात ना, हात बघा म्हणून?"

म्हणाल्याच होत्या. बाईंच्या डोळ्यांसमोर रांगेतली पोरं आली. त्यातली तीन-चार याच हॉटेलात लागायची होती. इथलं दार बंद झालं तर यादी कशी भरणार? त्या भाचीकडे न बघता म्हणाल्या, "सॉरी म्हणून टाक. एक शब्द तर आहे."

"तुला काय वाटतं, मावशी? चोळायला हवं होतं मी?"

"वाटण्याचा प्रश्न नाही गं."

भाची मॅनेजरकडे वळून स्पष्ट आवाजात सॉरी म्हणाली आणि दाराशी थांबून बाईंना म्हणाली, "येते मॅडम. पुढचे पाहुणे थांबलेत."

त्या पाहुण्याचं पुढे काय झालं, ते कुणालाच कळलं नाही. पायाला कदाचित काहीच झालं नसेल. पण त्यानं काही फरक पडत नाही, असं बाई म्हणायच्या.

मॅडम हा शब्द मात्र तसाच राहिला. बहिणीच्या घरी जेवायला बसल्यावरसुद्धा, "मॅडम, तुम्हाला वाढू का?" एकदा बहिणीनं विचारलं, "ही तुला मॅडम काय म्हणते गं? कसली थट्टा चालवलीये तुम्ही?" "असेल काहीतरी," एवढंच बाई म्हणाल्या. ताईला खरं सांगायला तोंड नव्हतं.

कक्षात तर वेगळीच पंचाईत झाली. पोरं रांगेनं यायची, बाई पाठमोऱ्या बसायच्या, पण कुणी खांद्याला हात लावला की अंग आखडायचं. "बाई, दुखलं का?" पोरं विचारायची. दुखत काही नव्हतं. आपण या पोरांना वर्षानुवर्षं फक्त हात म्हणून विकत आलो, हे हात लागला की आठवायचं आणि कान गरम व्हायचे. आहार, उपास, पाण्याचे उपचार, कुणाला काय देऊ नये, हे सगळं शिकून आलेली पोरं. आणि आपण त्यांना सांगितलं काय, तर नखं काप.

प्रवेशाच्या दिवसांत पालकांची सभा भरली. संचालकांनी व्यासपीठावर बाईंच्या शेजारी भाचीला बसवलं. आमची यशस्वी विद्यार्थिनी, अशी ओळख करून दिली. समोर एक शिंपीकाम करणारा बाप मुलीला घेऊन आला होता. गळ्यातला टेप काढायचा राहून गेला होता. तो उठून म्हणाला, "तुमचं सगळं मोठं मोठं ऐकलं. मला एवढंच सांगा, शिकून झाल्यावर पोरगी सकाळी कामावर जाऊन नेमकं करणार काय?"

संचालकांनी माईक भाचीपुढे सरकवला. उत्तर तिला आधीच पढवलेलं होतं. तिनं तो उचलायच्या आधी बाईंकडे पाहिलं. रागानं नव्हे, नुसतं पाहिलं. बाईंनी माईक आपल्याकडे ओढला.

"मालिश करेल," त्या म्हणाल्या. "शिकवतात पुष्कळ. पण नोकरी देणाऱ्याला हात हवे असतात, आणि मला जागा भरायच्या असतात. ही माझी भाची. हिनं एका माणसाला योग्य कारणानं नाही म्हटलं. मी तिला त्याबद्दल माफी मागायला लावली. बरोबर ती होती."

संचालक पाण्याचा पेला शोधू लागले. शिंप्यानं डोकं खाजवलं. "म्हणजे घालू का नको, मॅडम?"

मागे कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही."

सभेनंतर दोघी बसथांब्यावर उभ्या होत्या. बाईच म्हणाल्या, "माझं चुकलं गं."

"माहितीये मला," भाची म्हणाली. "पण सगळ्यांसमोर कशाला? आता हॉटेलात कळणार. ऐकून घ्यायला परत मीच. तुम्ही मोकळ्या झालात."

बाई मला म्हणाल्या, "काका, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटत होतं मी तिची बाजू घेतली. बाजू कसली, माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मी मोकळी." मग म्हणाल्या की भाचीनं रस्त्याकडे बघत एवढंच सांगितलं, "मॅडम, तुमची बस आली."

पुढचं मला त्रोटकच माहीत आहे. संचालकांनी कक्ष दुसऱ्या कुणाकडे दिला आणि बाईंना ग्रंथालयात बसवलं. हॉटेलवाल्यांनी भाचीला काढलं नाही, टॉवेल मोजायला लावलं. मग तिनं स्वतःच आजाऱ्यांच्या एका शुश्रूषागृहात काम शोधलं, बाईंना न सांगता. बाईंना ते बहिणीकडून कळलं. तिथे तिला बोलू देतात का, हे बाईंनी विचारलं नाही. विचारायचा हक्क उरला नाही, असं म्हणाल्या. त्या दोघींत पुन्हा मावशी हा शब्द आला की नाही, हे मला ठाऊक नाही. विचारायचं मनात होतं, पण आपण कोण विचारणारे, असं वाटून मी गप्प राहिलो.

माझा मुलगा मला त्याच्याकडे राहायला न्यायला आला, त्या सकाळी बाई जिन्यात शेवटच्या भेटल्या.

"काका, गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच."

"शेकताय ना?"

"विसरतो."

"विसरू नका."

"बरं. तुमचा पेपर दारातच पडलाय."

"घेते," त्या म्हणाल्या.