न ऐकलेली मोहीम आणि आमचे अभिप्राय

मी आयुष्यातलं पहिलं परीक्षण लिहिलं ते संगणकावरच्या एका खेळाचं. खेळ मला समजला नव्हता, पण तेवढ्यावाचून परीक्षणाचं काही अडलं नाही.

राजूरला देवळाच्या रस्त्यावर, नारळ-फुलांच्या दुकानावरच्या माडीवर, तेव्हा एक संगणक केंद्र निघालं होतं. सहा संगणक, वायरीनं एकमेकांना जोडलेले. मी बी.ए.ला होतो, म्हणजे घरच्यांच्या समजुतीप्रमाणे शिकत होतो, आणि संगणकाच्या परीक्षेसाठी केंद्रातही नाव घातलं होतं. दुपारी तीन ते चार केंद्रात शिकवणी नसायची. केंद्र चालवणाऱ्या मॅडम त्या वेळात घरी जेवायला जायच्या आणि आम्ही तिघं जगाच्या रक्षणाला बसायचो.

खेळ असा, की चार अवाढव्य यंत्रमानव, एकेक पाण्याच्या टाकीएवढा उंच. प्रत्येकाच्या पोटात बसून एक माणूस तो चालवतो आणि चौघांची मिळून एक तुकडी होते. सीडी जालन्याहून आणलेली, तिच्यावर खेळाचं नाव पेननं लिहिलेलं, तेही चुकीचं. माझा यंत्रमानव सगळ्यांत जाड, खांद्यावर तोफ असलेला. बियाण्याच्या दुकानदाराचा मुलगा माझा मित्र. त्यानं चपळ, पळणारा घेतलेला, कारण संकटात पळता येतं. तिसरा एक ट्रॅक्टर मेकॅनिक. त्याच्याकडं साथीदारांची दुरुस्ती करणारा यंत्रमानव होता. पण दुरुस्ती हा त्याचा पोटाचा धंदा असल्यानं इथं तो ती चुकूनही करायचा नाही. चौथा यंत्रमानव संगणक स्वतः चालवायचा आणि तो दर वेळी सगळ्यांत शेवटी मरायचा.

तीन महिने आम्ही तिसऱ्याच मोहिमेत अडकलो होतो. शत्रूचा एकेक यंत्रमानव लोळवला तरी पडद्यावर लाल अक्षरं यायचीच: मोहीम फसली. आता चूक आमची असणं शक्यच नव्हतं. म्हणून दारापाशी टेबलावर ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत आम्ही आमची मतं नोंदवायला लागलो. मेकॅनिकनं लिहिलं, ‘पाय जमिनीवर बराबर पडत नाहीत. बनवणाऱ्यानं आधी ट्रॅक्टर पाहावा.’ बियाणेवाल्यानं लिहिलं, ‘साथीदार फालतू आहेत.’ मी दीड पान लिहिलं. त्याचा सारांश असा, की तोफ फार लवकर तापते आणि कर्त्यांना युद्धशास्त्राची बिलकुल जाण नाही. युद्धशास्त्र हा माझा तेव्हाचा शब्द. युद्ध मी फक्त बसस्टँडवर जागेसाठी पाहिलं होतं.

त्याच सुमारास एक गुरुजी केंद्रात यायला लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी आणि कवायत शिकवायचे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, आणि सरकारनं आता मास्तरांना संगणकाची परीक्षा सक्तीची केलेली. माउस चावेल की काय, इतक्या बेतानं ते तो धरायचे. एकदा सरावासाठी म्हणून ते तीनलाच आले आणि आमच्या मागं उभे राहिले.

“काय करून राह्यले रे?”

“खेळून राह्यलो सर,” मी म्हणालो. “पण खेळच खराब आहे. जिंकलं तरी हरलं म्हन्तो.”

“आन् ही बाई काय सांगून राह्यली?”

प्रत्येक मोहिमेआधी पडद्यावर लष्करी गणवेशातली एक बाई येऊन दोन मिनिटं इंग्रजीत बोलायची. कोपऱ्यातली कळ दाबली की गप्प व्हायची. आम्ही तिला पहिल्याच दिवशी गप्प करून टाकलं होतं.

“ती असंच काही बोलती सर,” बियाणेवाला म्हणाला.

“असंच कसं? उभी राहून सांगून राह्यली बिचारी. बोलू द्या तिला.”

गुरुजींनी तिचं बोलणं तीनदा ऐकलं, खिशातल्या डायरीत काही टिपलं आणि चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं. मराठी माध्यमातून इंग्रजीत पस्तीस मार्क पडलेल्या पोरांकडं ते वर्षानुवर्षं असंच पाहत आले असतील.

“मारा असं ती म्हन्तच न्हाई. मागं सहा ट्रक हाइत, त्यात औषधं हाइत. ती पुलाच्या पल्याड सुखरूप पोचवायची.”

“कुठले ट्रक?” मेकॅनिकनं विचारलं.

मी माझा यंत्रमानव मागं वळवला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच वळवला होता. मागं खरंच सहा ट्रक उभे होते. आम्ही पुढं धावायचो तेव्हा ते एकटेच हळूहळू निघायचे आणि वाटेत कुणीतरी त्यांना उडवायचं. त्यातले काही माझ्याच तोफेनं उडाले असणार, पण ते मी तेव्हा बोललो नाही.

गुरुजी चौथ्या खुर्चीवर बसले. यंत्रमानव त्यांना नीट चालवता येत नव्हता, पण तुकडी चालवता येत होती. “तू पुढं पळून पाहून ये आन् परत ये. परत ये म्हन्लं ना! तू ट्रक दुरुस्त कर. आन् तू,” हे मला, “तू ट्रकाच्या बाजूनं चालायचं. गोळी झाडायची न्हाई.”

“मंग मी करू काय सर?”

“आडोसा.”

एवढा तोफवाला महावीर, आणि मी वरातीत डोक्यावर बत्ती घेतलेल्या माणसासारखा ट्रकांशेजारून चालत होतो. मनातल्या मनात वहीतलं पुढचं पान लिहीत होतो. पुलावर शत्रूनं डावीकडून मारा सुरू केला. शेवटचा ट्रक अजून अलीकडंच होता. मी त्याच्यासमोर आडवा झालो. पडद्याच्या कडा लाल झाल्या, यंत्रमानवाचा एक गुडघा गेला. “थांब, हलू नको,” गुरुजी म्हणत होते. मेकॅनिकनं, कुणी न सांगता, येऊन माझा गुडघा जोडला. ट्रक पल्याड गेला आणि हिरवी अक्षरं आली.

मी कुणालाही मारलं नव्हतं आणि मला इतका आनंद कशाचा झाला होता, ते मला सांगता येईना. पडद्यावर त्या बाईनं सलाम केला. गुरुजी खुर्चीतून उठले आणि त्यांनीही केला. आम्ही हसणार होतो, पण कुणी हसलं नाही.

तोवर चार वाजले होते, चौथी मोहीम उद्यावर राहिली. दुसऱ्या दिवशी तीनच्या आधीच आम्ही वहीत लिहिलं, ‘खेळ फारच सोपा आहे.’ गुरुजींना आग्रह केला तेव्हा त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘उत्तम. दिलेल्या सूचना लक्ष देऊन ऐकल्यास यश निश्चित.’ खाली सही आणि हुद्दा.

घात झाला तो याच ओळीनं. मॅडमना वाटलं, हे त्यांच्या शिकवण्याबद्दल आहे. भारी खूश होऊन भिंतीवर लावण्यासाठी त्या असेच आणखी अभिप्राय शोधायला बसल्या, आणि मागची पानं त्यांनी पहिल्यांदाच वाचली. आम्हाला बोलावणं आलं.

“पाय जमिनीवर बराबर पडत नाहीत, हे माझ्याबद्दल?” त्यांनी विचारलं. “लवकर तापते, हे कोणी लिहिलं?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. बियाणेवाला त्याच्या यंत्रमानवाइतक्याच चपळाईनं दाराकडं सरकला होता. एवढ्यात कोपऱ्यात टंकलेखनाचा सराव करणारे गुरुजी उभे राहिले.

“मॅडम, ते खेळाबद्दल हाय. तीन ते चार आम्ही खेळायचो. चौथा मी होतो.”

मॅडम पाचवीत गुरुजींच्याच वर्गात होत्या. त्यांना गुरुजींवर रागावता येईना, आणि गुरुजींना सोडून फक्त आम्हाला रागावणं बरं दिसेना. “सर, तुम्हीसुद्धा?” एवढंच त्या म्हणाल्या. मग सहाही संगणकांवरून त्यांनी आमच्यासमोर खेळ पुसून टाकला. सीडी आणि अभिप्रायाची वही ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. गुरुजी शेवटपर्यंत हात मागं बांधून उभे होते.

ते परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झाले. मी दुसऱ्या. चौथ्या मोहिमेत काय होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. तरी त्यानंतर कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर आम्ही तिघं तिच्यावर वाद घालायचो. मेकॅनिकच्या मते ती फार लांबवलेली होती, बियाणेवाल्याच्या मते पहिल्या तीनपेक्षा कमअस्सल. माझं मत जरा सविस्तर होतं. ते लिहायला फक्त वही उरली नव्हती.