मखराची सातवी काच

आमच्या घरी गणपतीचं मखर विकत आणणं म्हणजे आत्याचा अपमान. श्रावण लागला की माधव नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत खळ शिजायची आणि टेकायला जागा उरायची नाही. बाबा सरकारी कचेरीत होते. मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, तेव्हा जुन्या नावाचे छापील कागद रद्दीत निघाले. बाबांनी ते गठ्ठ्याने घरी आणले आणि पुढच्या गणपतीला आत्याने त्यांच्या कमानी अन् जाळ्या कापल्या. "राज्य गेलं तर गेलं, पण मखर बनलं ना बढिया!" असं ती ज्याला त्याला सांगायची.

खिडक्यांना मात्र तिला काच हवी होती, आणि काच काही कात्रीने कापता येत नाही. म्हणून फ्रीगंजमधल्या एका दवाखान्यातून तिने एक्स-रेच्या जुन्या फिल्म मागून आणल्या. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासल्या की वरचं काळं निघून जायचं आणि हाती निळसर, पारदर्शक पत्रा यायचा. मागे पतंगी कागद चिकटवला की झाली रंगीत काच. घासायचं काम माझं. मी अकरा वर्षांची होते आणि स्वतःला आत्याच्या तोडीची कारागीर समजत होते.

खिडक्या सात, फिल्म सहा. आत्या म्हणाली, "रहने दे, एक खिडकी बंद ठेवू." मला कुठला दम धरवतोय! बाबांच्या ट्रंकेत कपड्यांखाली एक फिल्म मी पाहिली होती. ती काढली, घासली आणि आत्याच्या हातात दिली. कुठून आणली हे घाईत तिने विचारलं नाही.

चतुर्थीला दिवे लागले, मखर उजळलं. मी फुशारून म्हणाले, "बाबा, सातवी काच माझी! तुमच्या ट्रंकेतली."

आत्याने तोंडावर पदर घेतला. आई मी लहान असताना छातीच्या दुखण्याने गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता. ती फिल्म तिची होती, हे मला तेव्हा कळलं.

"कोणती?" बाबांनी एवढंच विचारलं. मी बोट दाखवलं.

"दादा, पोरीला मालूम नव्हतं," आत्या म्हणाली.

"मालूम असतं तर घासली असती का?" म्हणत बाबांनी आरतीचं तबक उचललं. एक कडवंही त्यांनी गाळलं नाही. त्यांनी मला दोन रट्टे दिले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच हिवाळ्यात बाबांची भोपाळला बदली झाली. सामान बांधताना त्यांनी ट्रंक उघडली. कपड्यांखाली ती कमानीच्या आकाराची कोरी फिल्म होती, पतंगी कागद भिजवून काढलेला. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. मी दारातून मागे सरत होते, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"इकडे ये," फिल्मवर बोट टेकवत ते म्हणाले. "हे बघ, इथे तिचं काळीज होतं."