सोन्याचे कण आणि माझा उजवा पाय

“अंगूठा जाएगा. पाँव बचाने की कोशिश करेंगे,” डॉक्टर म्हणाले. गणेशोत्सवाच्या नाटकांत मी रंगमंचावर कित्येकदा मेलोय, टाळ्याही घेतल्यात. या वाक्यानंतर मात्र मला साधं पाणीही मागता आलं नाही.

दुखण्याचं नाव क्रिटिकल लिंब इस्केमिया. म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या इतक्या चोंदलेल्या, की तळपायाला रक्तच पोचत नाही. मधुमेह आणि सिगारेट या जोडगोळीची करामत. आधी चालताना पोटरी दुखायची. मी दोष चपलांना दिला. मग अंगठ्याची जखम भरेना, आणि ती काळी पडली.

अँजिओग्राफी, म्हणजे वाहिन्यांत औषधी रंग सोडून काढलेलं चित्र, पुढच्या आठवड्यात ठरली. त्याआधी माझी भाची शलाका आमच्या चिक्कडपल्लीच्या घरी भेटायला आली. ती इथल्याच एका प्रयोगशाळेत नॅनोपार्टिकल्सवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवर, काम करते. ते कोंबडीच्या अंड्यात सोडले की नव्या रक्तवाहिन्या फुटतात, म्हणाली.

बायकोनं लसूण सोलणं थांबवलं. “कसले कण गं?”

“धातूंचे, मामी. काही जण सोन्याचेही करतात.”

“मग मामासाठी आण की डबीतून थोडे.”

“अजून अंड्यांवरच चाललंय. माणसांना द्यायला किती वर्षं लागतील, कोण जाणे.”

“अगं, तुझा मामा अंड्याहून गेला का?”

मी पोट धरून हसलो. शलाका हसली नाही.

अँजिओग्राफीच्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “और कोई दवा?”

बायको पदराशी चाळा करत म्हणाली, “सुवर्णभस्म. सोन्याच्या कणांनी वाहिन्या फुटतात असं भाची म्हणाली, म्हणून अफझलगंजच्या बाजारातून आणलं. रोज मधातून देते.”

मधुमेही नवऱ्याला, मधातून! आणि मला ते खोकल्याचं चाटण म्हणून मिळत होतं.

“अम्मा, वो सोना अलग, ये सोना अलग. इसमें क्या क्या मिलाए, किसको मालूम? नक्को देओ,” डॉक्टर म्हणाले.

अँजिओग्राफीच्या रंगाचा ताण मूत्रपिंडांवर येतो, आणि भस्मात शिसं-पारा असेल तर त्याचाही. म्हणून आधी त्यांची तपासणी, अँजिओग्राफी लांबली. ड्रेसिंग सुटलं की मी बघायचो: काळेपणा शेजारच्या बोटाकडे सरकत होता. बायको भिंतीकडे बघायची. भस्माचा राग मी तिच्यावर काढला नाही. तिच्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं. माझ्या हातात तेवढंही नव्हतं.

शेवटी बायपास झाली, म्हणजे मांडीतली शीर काढून रक्ताला वळणरस्ता दिला. दोन बोटं गेली, पाय राहिला. डॉक्टरांचे उपकार कसे फेडू?

तुमच्यावर ही वेळ आली, तर पोटात जाणारं सगळं डॉक्टरांना आधीच सांगा. आणि घरच्या माणसांना करायला काहीतरी काम द्या.

आता डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चालण्यानं बारीक वाहिन्या आपसूक वाढू शकतात. दुखलं की थांबायचं, ओसरलं की निघायचं. गल्लीतल्या एसटीडी बूथचा नुकताच सायबर कॅफे झालाय, तिथपर्यंत मी पोचतो. आत नवी वाहिनी फुटतेय का, कळायला मार्ग नाही. बायको कॅफेची पाटी वाचत उभी राहते, जणू थांबायचं तिलाच होतं. मग हळूच म्हणते, “अहो, निघायचं?”