वास्तूला ऐकू जाणार नाही अशा जागी

सुनेचं बाळंतपण मी केलं. इकडे परदेशात, अल्बनीच्या घरात शेक-शेगडी करता येत नाही, धूर झाला की अलार्म वाजतो, म्हणून गरम पाण्याच्या पिशवीवर भागवलं. डिंकाचे लाडू केले, बाळाला तेल लावलं, सुनेला आयतं ताट दिलं. हे सगळं मला येत होतं. जे येत नव्हतं ते या वहीत लिहायला बसले आहे. कुणाला दाखवायचं नाही.

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि सून गप्प झाली. मुळात ती बडबडी आणि मी अबोल. "आई, फोनवर निदान हूं तरी म्हणा, म्हणजे लाइन चालू आहे ते कळेल," असं ती मला चिडवायची. आता ती बाळाला पाजायची, निजवायची आणि खिडकीपाशी उभी राहायची. मुलगा ऑफिसातून आला की त्याच्याशी नीट बोलायची, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. बाळ तपासायला नर्स घरी आली, तिने सुनेलाही कशी आहेस म्हणून विचारलं. सून हसून "ऑल गुड" म्हणाली. मी शेजारीच चहा घेऊन उभी होते.

एका सकाळी मेथी निवडताना ती सहज बोलावं तसं बोलली.

"आई, मी नसते तर बाळाचं बरं झालं असतं."

"असं अभद्र बोलू नये," मी म्हणाले. "वास्तू तथास्तु म्हणते."

लहानपणापासून हेच ऐकलेलं. घरात वाईट शब्द काढला की वास्तुपुरुष तसंच होवो म्हणतो. सून खाली मान घालून उरलेली मेथी निवडून गेली. मी देवापुढे दिवा लावला. मला वाटलं, संकट टाळलं.

आमच्या शेजारी आफ्रिकेतल्या मलावी देशातली एक म्हातारी लेकीकडे राहते. लेक इथे वृद्धांच्या होममध्ये नर्स आहे. म्हातारीला सगळे गोगो म्हणतात, त्यांच्याकडे आजीला तसं म्हणतात. रोज दुपारी ती कोपऱ्यावरच्या बसस्टॉपच्या बाकावर ऊन खात बसायची आणि मी बाळाला बाबागाडीत घालून तिथे जायची. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून एकमेकींचं कळायचं. मी डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, जाऊन दुधाकडे नुसतं बोट दाखवते, यावर तिला फार हसू यायचं.

गावाकडे ती काय काम करायची ते तिने हळूहळू सांगितलं होतं. इस्पितळ लांब, मनाचा डॉक्टर त्याहून लांबच्या शहरात, तिथवर कुणी पोचायचंच नाही. म्हणून दवाखान्यातल्या नर्सने गावातल्या काही म्हाताऱ्यांना शिकवलं. दवाखान्यामागे आंब्याखाली चटई टाकून त्या बसायच्या. ज्याला घरात बोलता येत नाही त्याने तिथे यायचं. म्हातारीनेही चटईवरच बसायचं, खुर्चीवर नाही. उपदेश करायचा नाही. संशय आला तर सरळ विचारायचं, मरणाचा विचार येतो का म्हणून. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलाच तर बाहेर यायला वाट मिळते, असं नर्स सांगायची. आणि उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हाताला धरून नर्सकडे न्यायचं.

गोगोला तरी आधी कुठे जमलं होतं? तिच्याही गावात मरणाचा शब्द कुणी काढत नसे. पहिल्यांदा एक मासळीवाली समोर येऊन बसली, तर गोगोने तासभर मासळीचीच चौकशी केली. बाई उठून निघाली, तेव्हा मागे धावत जाऊन तिने विचारलं.

त्या दुपारी मी तिला मेथी निवडतानाचं बोलणं सांगितलं. माझं उत्तरही सांगितलं, आणि वास्तूचं कसं असतं तेही जमेल तसं सांगितलं. गोगो हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"तुझं घर ऐकतं ना, सिस्टर? मग घराबाहेर विचार. इथे आण तिला." मी बाबागाडी वळवली, तेव्हा मागून म्हणाली, "आज. उद्या नाही."

माझी एक धाकटी जाऊ होती. तीही असंच काहीबाही बोलायची आणि आम्ही सगळ्याजणी तिला गप्प करायचो. तिला जाऊन आता तीस वर्षं होतील. घरापर्यंत चालताना तीच डोळ्यांपुढे होती.

जरा उन्हात चल, असं सुनेला म्हटलं. ती जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून तशीच आली. गोगोने आम्हाला येताना पाहिलं, बाबागाडी माझ्या हातातून घेतली आणि फुटपाथवर लांब फेऱ्या घालू लागली. आम्ही बाकावर बसलो. मी आधी हवेचं बोलले, मग बाळाच्या टोपीचं बोलले. मग मला ती मासळीवाली आठवली. मी सुनेचा हात धरला. गार होता.

"तुला मरून जावं असं वाटतं का गं?"

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि आमच्यासाठी थांबला. एरवी मी संकोचाने चढूनसुद्धा बसले असते. मी मोठ्याने "नो, थँक यू" म्हणाले. दार मिटलं, बस गेली.

"हो," सून म्हणाली. "रोज वाटतं. तुम्हाला सांगितलं तर परत दिवा लावाल."

असं नको गं बोलूस, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"नाही लावत. सांग."

ती बोलत गेली. झोप येत नाही, बाळ रडलं की ते आपल्यालाच दोष देतंय असं वाटतं, आपण सगळ्यांना भार झालोय. मला सगळंच समजलं असं नाही. पण मध्ये बोलले नाही. तेवढं तरी मला जन्मभर येतच होतं.

तिथूनच मुलाला फोन केला. तो लगेच निघून आला. गोगोच्या लेकीने कुणाला भेटायचं ते सांगितलं आणि त्याच दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो. पुढचे कित्येक दिवस तिला एकटं ठेवलं नाही. औषधं सुरू झाली, दर आठवड्याला एका बाईंशी बोलणं सुरू झालं. लगेच बरं वाटलं असं नाही. मध्ये वाईट दिवस येत. त्या दिवशी ती म्हणायची, "आई, बाकावर जाऊ या?" पाऊस असला तरी आम्ही जायचो, स्टॉपला छप्पर आहे.

परवा मी पोळ्या करत होते. सून येऊन ओट्याशी उभी राहिली.

"आई, आज परत तसं वाटतंय. थोडंसं."

मी पिठाचे हात धुवून चपला शोधायला लागले. बाळ आतल्या खोलीत नुकतंच झोपलं होतं.

"इथेच बोलू?" तिने विचारलं.

मी शेगडी बंद केली. खाली फरशीवर बसले, तीही माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. वास्तू ऐकत असेल तर ऐकू दे.

"बोल," मी म्हणाले.