अ‍ॅडमिन एकच

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच. मग तुम्हाला का? — तुम्ही आमच्या शाळेत कधी येणार नाही, एवढं कारण मला पुरतं.

पण आधी थोडी फुशारकी मारू द्या. सोलापुरात आमच्या ट्रस्टची कर्णबधिर मुलांची शाळा आहे, तिथलं ऑफिस मी सांभाळते. पूर्वी आमच्या कॉम्प्युटरवर चोरीचं सॉफ्टवेअर होतं आणि सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड — तोही मॉनिटरला चिकटवलेला. सेवाभावी संस्थांना तेच सॉफ्टवेअर नाममात्र दरात मिळतं, हे मी शोधून काढलं. अध्यक्ष हसले. “कांबळेताई, फुकट तर पाणी बी मिळत न्हाय आता.” अर्ज परत आला, मी पुन्हा पाठवला. नोंदणीचे कागद मागितले, दिले. पुन्हा काहीतरी निघालं, तेही पुरवलं. शेवटी मिळालं. मग मी ते नीट कुलूपबंदही केलं — प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि स्वतःच्या मोबाईलवरून मंजुरी दिल्याशिवाय ते उघडणारच नाही. मॉनिटरवरची चिठ्ठी मी माझ्या हातानं फाडली. दुसऱ्या संस्थांची माणसं मला विचारायला यायला लागली. अभिमान वाटला. आजही वाटतो, खोटं कशाला बोलू?

खोटं बोलले ते पुढे.

माझ्या हाताखाली नसरीन होती. हुशार, कामाला वाघ. कुणाचं खातं अडकलं तर ते सोडवायचा अधिकार अ‍ॅडमिनला असतो, आणि अ‍ॅडमिन मी. ती एकदा म्हणाली, “मॅडम, मला पण अ‍ॅडमिन करून ठेवा की. तुमी नसलात तर काम अडतंय.” बरोबरच होतं तिचं. दोघं असावेत असं कंपनीही सांगते. मी म्हणाले — कंपनीचा नियम आहे, सवलतीत अ‍ॅडमिन एकच. कसं सुचलं? आपोआप. सासूच्या कमरेला किल्ल्या असतात ना, तशा त्या मला हव्या होत्या. सगळ्यांनी मागायला माझ्याकडे यावं.

भाचीच्या साखरपुड्याला मी मंगळवेढ्याला गेले, आणि नेमका त्याच दिवशी नसरीनचा मोबाईल बिघडला. मोबाईल नाही म्हणजे मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणजे खातं बंद. मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी देणगीदाराला संध्याकाळपर्यंत अहवाल जायचा होता — आणि तो तिच्या खात्यात. मी माझ्या फोनवरून ते सोडवू शकत होते. ती शाळेच्या फोनवरून मला फोन करत राहिली. रेंज नव्हती, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

रेंज होती. फोन माझ्या मांडीवर वाजत होता, शाळेचं नाव मला दिसत होतं. मी वाजू दिला. का? — माझ्यावाचून तिकडे पान हलत नाही, हे पाहुण्यांत बसून मला बरं वाटत होतं. अजून थोडं होऊ दे, मग उचलते, म्हटलं. मग जेवणं झाली, ओट्या भरून झाल्या — आणि वेळ टळून गेली.

त्या वर्षी बालवर्गाला यंत्रं मिळाली नाहीत. अध्यक्षांनी नसरीनला सगळ्यांसमोर झापलं, शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला तुला कुणी सांगितलं म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. मी स्क्रीनकडे बघत राहिले. पुढे तिनं नोकरी सोडली. आता चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. मध्ये स्टँडवर भेटली. “मॅडम, तुमी शिकवलेलं लई कामाला येतंय हां,” म्हणाली. मला लाज वाटली — वाटली, पण नंतर. आधी अभिमान वाटला.

परवा मी आमच्या नव्या मुलीला, सुजाताला, दुसरी अ‍ॅडमिन केलं. चहा निवायच्या आत झालं सगळं. ती म्हणाली, “मॅडम, एकच चालतो म्हणायचात ना तुमी? नियम बदलला का?”

हो म्हणाले मी. बदलला.